मोठ्यानं वाच

"बोर्ड वाच. मोठ्यानं."

"हिंगोली, सरळ," शिलानं वाचलं. आवाजात कंटाळा होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"समोरून काय येऊन राहिलं?"

"ट्रॅक्टर. उसाचा."

"मग आधी बोलावं ना! काहून गप बसली? घे डाव्या अंगाला."

तिनं जीप डावीकडं घेतली. पोळ्यापासून हेच चाललं होतं. तिच्या नवऱ्यानं, रणजीतनं, जवळा बाजार ते औंढा वीस वर्षं सवारी वाहिली आणि एक दिवस कंबर धरली म्हणून जीपची चावी खुंटीला लावली, ती लावलीच. औंढ्याचा उत्तमसिंग जीप विकत घ्यायला म्हणून दोनदा येऊन चहा पिऊन गेला. दुसऱ्या खेपेला शिला कप उचलता उचलता बोलून गेली, "इकायची न्हाई. मी चालवते." तांड्यावर हसू पिकलं. रणजीत मात्र हसला नाही. "शीक मग," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून पहाटे भाकरी, दिवसभर कापसाची वेचणी आणि सांजेला ही शिकवणी. अंग नुसतं आंबून जायचं. त्यात याची उलटतपासणी. बोर्ड वाच, पुढच्या गाडीचा नंबर वाच, वाटेत कोण उभं आहे ते सांग. शिकवायची ही कुठली तऱ्हा, तिला कळत नसे. शिवाय कंबर धरलेला हा माणूस सोयाबीनची पोती बिनबोभाट उचलतो, हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्टेअरिंगला जीव विटला असेल, आळस चढला असेल, नाव मात्र कंबरेचं. तिनं ते मनात धरून ठेवलं.

मागच्या वेळी लायसनच्या परीक्षेत ट्रॅकवर रिव्हर्स घेताना तिनं खांब पाडला होता. आज पुन्हा नापास झाली तर जीप उत्तमसिंगच्या दारात जाणार, हे घरात ठरून गेलं होतं. पोरीचं, ऐश्वर्याचं, कॉलेज त्या जीपवर. घरातलं मीठमिरचीही त्या जीपवरच. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला बसलेला लागतो, कायदाच आहे तसा, म्हणून तरी रणजीत सोबत आला. नाहीतर घरीच बसला असता, असं तिला वाटून गेलं.

हिंगोलीला ट्रॅकवर रांग होती. तिचा नंबर येईतो ऊन डोक्यावर आलं.

"याआधी काय चालवलंय?" परीक्षा घेणाऱ्या साहेबानं शेजारी बसत विचारलं.

"बैलगाडी."

साहेब हसला आणि शिलाची भीती थोडी ओसरली. आठाचा आकडा निघाला. चढावर जीप मागं सरकली नाही. मग रिव्हर्स. मान मोडेस्तोवर मागं बघत, एकेक खांब जपत तिनं गाडी काढली.

"पास," साहेब उतरता उतरता म्हणाला. "कार्ड पोस्टानं घरी येईल."

तिचं रडू फुटायच्या बेतात होतं. जीप वळवताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढून अंगठा वर केला. रणजीत फाटकाजवळ लिंबाखाली उभा होता, तोंड तिच्याकडंच. पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं हात तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला. एवढं कष्टानं मिळवलं आणि याला त्याचं काहीच नाही.

जीप त्याच्यापुढं थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "झालं का?"

"माज्याकडंच तर बघून राहिले व्हते की तुमी!"

"तुज्या तोंडून ऐकायचं व्हतं."

"झाले पास."

"बराबर," तो म्हणाला आणि आत बसला.

तिनं ऐश्वर्याला फोन केला. पोरगी तिकडं आनंदानं ओरडली. निदान तिला तरी काही वाटलं.

परतीच्या वाटेवर शिलानं एकही बोर्ड वाचला नाही.

"बोर्ड?" रणजीतनं एकदा विचारलं.

"आता लायसनवाली हाय मी. न्हाई वाचत."

त्यानं कान इंजिनाकडं लावला. मग म्हणाला, "गाडी चांगली चालून राहिली." एवढ्यानं तिचा राग काही उतरला नाही.

औंढा मागं पडलं. तांड्याचा फाटा जवळ आला तशी तिनं गतिरोधकावर जीप हळू केली आणि समोर बघून तिचा सगळा शीण निघून गेला. फाट्यावर, रस्त्याच्या अगदी कडेला, ऐश्वर्या एकटीच उभी होती. हातात ओवाळणीचं ताट, वाऱ्यानं दिवा विझू नये म्हणून वर ओढणीचा आडोसा. तोंडभर हसत होती, बोलत नव्हती.

"बघा, कोण आलंय," शिलाच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. बघू दे त्यालाच. लेकीला बघून तरी हसेल.

आणि रणजीत खरंच हसला. कितीतरी दिवसांनी, जुन्या डौलात त्यानं खिडकीवर कोपर टेकलं, मान बाहेर काढली आणि लेकीच्या पुढ्यात येताच साद घातली, "ओ मावशी, जवळा बाजार का? या, बसा मागं, लई जागा हाय!" ऐश्वर्याचं हसू मावळलं, आणि शिलाला त्यानं मोठ्यानं वाचायला लावलेला एकेक बोर्ड आठवला.