श्रीरंगचा फोल्डर

“शुभदा, ही बघ, अळूवडीची कृती ठेवलीय तुझ्या दादाने!”

माझा श्रीरंग भांडून घरातून गेला, त्याला तीन वर्षं झाली. फोन लागत नाही. पण त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर, त्याच्या नावाच्या फोल्डरात, दर सोमवारी नवा बुकमार्क दिसतो. तो कुठेही असला तरी त्याने जपलेलं पान इथे येतं, असं शुभदानेच मला समजावलं होतं. ते पाहिल्यावरच मी उपास सोडते.

मग आठवलं. “पण अळूने त्याचा घसा सुजतो ना गं?”

तिचं लाटणं थांबलं. “आई, मीच टाकत होते. तू दोन घास खावेस म्हणून.”

“सगळे?”

“सगळे.”

तिने पान वाढलं. जेवणाआधी मी नेहमीसारखे, पुढच्या सोमवारीही त्याचं पान येऊ दे म्हणायला, देवापुढे हात जोडले. आज मागायचं काय, तेच सुचेना.