ओघळीतली जाळी

“करवंदीची वाट कुणाला दावू नगंस, यशोदा. बाया दोन दिसांत जाळी वरबाडून नेतील.” सासूचं हे बोलणं यशोदाबाईंनी तीस वर्षं जपलं. दर चैत्रात पिंपरीच्या माळामागं, ओघळीतल्या त्या जाळीकडं त्या एकट्याच जायच्या आणि लोणच्यासाठी ओटीभर हिरवी करवंदं आणायच्या. धाकटी जाऊ शालन विचारायची, “आक्का, कुठं गावली?” त्या म्हणायच्या, “देवानं दिली.” पुढं गुडघे धरले, तरी जाळी त्यांना पावतच राहिली. बसल्या बसल्या हाताला येतील अशा खालच्या फांद्या करवंदांनी लगडलेल्या असायच्या.

त्रेपन्न साली माळावर कारखान्याचे खुंट रोवले गेले. आठ दिवसांत जाळ्या तुटणार होत्या आणि यशोदाबाईंना तर उंबराही ओलांडवेना. त्यांनी शालनला जवळ बसवून वाट सांगितली. “शेवटची पाटीभर घेऊन ये. आन् रागावू नगंस, इतकी वर्सं लपवलं म्हणून.”

शालन पाटी घेऊन उठली, दारात घुटमळली.

“धा वर्सं झाली, आक्का, मला जाळी ठावं हाय. वरची करवंदं मी गुपचूप माहेरी धाडते. खालच्या फांद्यांना तेवढा हात लावत न्हाई, तुमचं गुडघं दुखाया लागल्यापासनं.”