वास न येणारा लसूण

वरणभाताच्या दुसऱ्याच घासाला सुखवंताबाईंच्या दाताखाली काहीतरी मऊ आलं. त्यांनी ते तळहातावर काढून पाहिलं. लसणाची पाकळी. नाकाशी धरली, तर वासाचा पत्ता नाही.

मुलगा गजेंद्र हैदराबादला कामाला गेला आणि परत यायचं नावच घेईना, तेव्हा त्यांनी नवस बोलला होता. तो दरेकसाला घरी येईपर्यंत लसूण तोंडात घालायचा नाही. लसणाच्या चटणीवाचून घास न उतरणारी ही बाई, गावाला वाटलं चार दिवस टिकेल. पण त्यांनी नवस पाळला होता. निदान आत्तापर्यंत त्यांचा तसा समज होता.

"हे का होय, रीता?"

रीता, गजेंद्रची बायको, चुलीपाशी बसली होती. बारावीपर्यंत सायन्स शिकलेली. तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"लसूणच होय, आई. पाकळीत दोन वस्तू अलग अलग राहतात. ठेचलं का भेटतात. त्यातली एक विकर म्हणजे एन्झाइम राहते, ते दुसरीले तोडते, तवा वास सुटते. मी अख्खा लसूण आधी उकळून घेतो. विकरच मरून जाते. मंग कितीबी ठेचा, वास नाही येत. तुमी दोन घास खाऊन उठून राहिल्या होत्या, म्हणून टाकत होतो वरणात."

सुखवंताबाईंचं डोकं भणाणलं. जिला पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिनेच ताटात दगा दिला. आपण गावभर नवस मिरवत होतो आणि ही आपल्याला देवापुढे खोटं पाडत होती. रागाहून वाईट जास्त वाटलं.

"कवापासून?"

"होळीपासून."

होळीपासूनच गजेंद्रचा फोन लागत नव्हता. सुखवंताबाईंनी ताट दूर लोटलं.

"म्हणूनच माहा पोरगा आला नाही. काऊन केलं असं? आपल्याच नवऱ्याची वाट अडवली तू."

रीताने ताट पुन्हा सासूपुढे सरकवलं.

"होळीले त्याचा शेवटचा फोन आला होता, आई. तिकडं दुसरी बायको केली त्यानं, आता येत नाही म्हणे. मंग त्याच्यासाठी तुमाले कायले उपाशी ठेवू?"