मण्यारीने दिलेला आवाज

डॉक्टर तांबोळींनी मंदाकिनीबाईंच्या गळ्यातली सुई काढली आणि म्हणाले, “आता बोलून बघा.”

औषध मण्यार सापाच्या विषातल्या एका एन्झाइमपासून बनवलं होतं. मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरलं की स्नायूला हुकूम जातो. हे एन्झाइम कॅल्शियमचं ते शिरणं मंद करत असे. त्यामुळे कित्येक वर्षं थरथरणारा त्यांचा गळा शांत झाला.

घरी विलासराव खिडकीशी बसले होते. आजाराने त्यांची आठवण पुसट होत चालली होती आणि बायकोलाच ते कामाची बाई समजत. मंदाकिनीबाई दारातूनच म्हणाल्या, “कराड-चिपळूण गाडी फलाट तीनवर लागत आहे.”

तरुणपणी कराडच्या एसटी स्टँडवर त्या हेच पुकारत आणि विलासराव त्या गाडीचे कंडक्टर होते.

ते धडपडत उठले. “मंदा! अगं, होतीस कुठे इतके दिवस?”

मंदाकिनीबाईंना रडूच फुटलं. मग दोघं कितीतरी वेळ बोलत राहिले. बोलण्यात कुंभार्ली घाटातलं धुकं निघालं, चौकशीच्या खिडकीतून विलासरावांनी आत सरकवलेली करवंदंही निघाली.

मधेच विलासराव आवाज खाली आणून म्हणाले, “ती थरथरत्या आवाजाची बाई आज दिसली नाही. माझं सगळं मायेने करते बिचारी. तू आलीस म्हणून तिला काढू नकोस हं.”

मंदाकिनीबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

“नाही हो काढत. महिनाभराची रजा घेतलीये तिने.”

औषधाचा असरही तेवढाच टिकणार होता.