चिनी बाईचं ताट

"समोरच्या म्हातारीला चिनी कळत असेल ना, तर मी तिच्या टीव्हीतल्या त्या चिनी बाईसारखा नटून अख्ख्या कॉलनीत फिरेन. छत्री घेऊन!" पुंजारामने ओट्यावर थाप मारली.

"आणि नसेल कळत तर?" बारकू केबलवाल्याने विचारलं.

"तर उद्यापासून ते चॅनल बंद. तिथं कुस्ती लाव."

"लागली पैज!"

नाशिक रोडच्या त्या कॉलनीत पुंजारामशिवाय पैज लागायची नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण खोड्या काढण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. होळीला त्याने बारकूच्या स्कूटरला मुंडावळ्या बांधल्या होत्या आणि अंतरपाट धरून मंगलाष्टकंही म्हटली होती. संध्याकाळी ओट्यावर तो बसला की बाकीचे आपोआप जमायचे. आठ वाजले की घराघरातून हाका यायच्या. "अहो, पानं घेतलीत!" एकेक जण उठायचा. शेवटी पुंजाराम आणि त्याचा खानावळीचा डबा, एवढेच उरायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. "चला, आता मी आणि माझी राणी," म्हणत तो डब्यावर टिचकी मारायचा. जाणारे हसत जायचे.

ओट्यासमोरच वत्सलाबाईंची खोली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बारकूच्या डिशवर कसं कोण जाणे एक चिनी चॅनल यायचं, आणि ते फक्त वत्सलाबाई बघायच्या. एकदा बारकूची बायको रूपाली वाटी परत द्यायला गेली, आणि येऊन सगळ्यांना सांगत सुटली, "टीव्हीसमोर दोन ताटं! एक स्वतःचं आणि एक त्या चिनी बाईचं. वरण-भात, वर तुपाची धार!"

पुंजारामला आयतंच मिळालं. चिनी हेल काढून तो ओरडायचा, "मावश्शी, ठेचा लय तिखट झाला होऽऽ!" ओटा हसून लोळायचा. वत्सलाबाई खिडकीतून बघायच्या आणि आत जायच्या.

तर पैज लागली तशी सगळी वरात त्यांच्या दारात गेली. टीव्ही चालूच होता.

"मावशी, ही बाई काय बोलतेय?" पुंजारामने विचारलं.

"मला काय ठाऊक? मला चिनी येतं होय?"

"जिंकलो!" पुंजारामने शिट्टी मारली.

बारकू डोकं खाजवत म्हणाला, "मग मावशी, उद्यापासून हे चॅनल बंद हां."

वत्सलाबाईंच्या हातातला पदर तसाच राहिला. "बंद? अरे, घरात तेवढाच एक आवाज आहे. आणि ही... हिला मी आठवडाभर बघतेय. रोज एक पिक्चर, सगळे हिचेच. पहिल्यांदा काटकुळी पोर होती, पंखा घेऊन नाचायची. मग बंदूक घेतली, मग नवरी झाली. मधे एकदम गायब. काळ्या-पांढऱ्यातून रंगीत झाली तेव्हा थेट म्हातारीच. मधली वर्षं हिची कुणी खाल्ली कोण जाणे. तरी परत आलीच ना?"

बारकूला जरा वाईट वाटलं. "बरं मावशी, शेवटचा चान्स. आता पुढे काय होणार, ते सांगा. बरोबर निघालं तर तुम्हाला चिनी कळतं असं धरू. काय पुंजाभाऊ?"

"धर की! सांगा मावशी."

पडद्यावर ती बाई चुलीपाशी उभी होती. वत्सलाबाईंनी क्षणभर बघितलं. "आता ती दोन वाडगे काढेल. एक आपल्यापुढे ठेवेल, एक समोर. मग दाराकडे बघेल. येणार मात्र कुणी नाही."

बाईने दोन वाडगे काढले. एक आपल्यापुढे ठेवला, एक समोर. दाराकडे बघितलं. दार हललं नाही.

"आधी पाहिलाय तुम्ही हा!" पुंजाराम म्हणाला.

"नाही रे बाबा. आत्ताच बघतेय. पण याला भाषा कशाला लागते?"

पुंजाराम हरला.

रविवारी संध्याकाळी त्याने पैज फेडली. अंगात रूपालीचा फुलाफुलांचा गाऊन. तोंडाला पावडरचा थर, गालावर कुंकू. डोक्यावर काळ्या लोकरीचा अंबाडा आणि त्यात विणायच्या दोन सुया. हातात छत्री. तो चिमुकली पावलं टाकत निघाला आणि मागून कॉलनी, थाळ्या वाजवत. गॅलऱ्या भरल्या. लोक पोट धरून हसत होते. फिरून फिरून आठाच्या सुमाराला वरात वत्सलाबाईंच्या दारात आली.

पुंजारामने छत्री गरगर फिरवली, कमरेत वाकला. "मावश्शी, तुमची चिनी बाई आलीऽऽ! वाढाऽऽ!"

हशा उसळला. वत्सलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"आत ये, पुंजा. बस."

खिडकीखाली, टीव्हीसमोर, दोन ताटं होती. दोन्हींत वरण-भात, वर तूप.

पुंजारामने मागे बघून सगळ्यांना डोळा मारला. "बघा! चिनी बाईचं ताट तयार!"

"ती काय टीव्हीतून उतरून जेवणार आहे?" वत्सलाबाई म्हणाल्या. थाळ्या वाजायच्या थांबल्या. "आठ वाजता सगळ्यांना हाका येतात. ओट्यावर कोण उरतं, ते या खिडकीतून दिसतं मला. रोज दोन ताटं वाढते. रोज वाटतं, हाक मारावी. पण तू टवाळी करशील म्हणून धीर होत नव्हता."

पुंजारामच्या हातातली छत्री आपोआप मिटली.

"ताट तुझंच आहे रे, पहिल्या दिवसापासून. आता डोक्यातल्या सुया काढ, आणि जेव."