सात थर

"काकी, मोजायचं तूच," शिवा म्हणाला. "माज्यावर भरवसा नाय ना तुजा."

"नायच," कमळा म्हणाली आणि टबाजवळच्या स्टुलावर बसली.

तिचा मुलगा रूपेश सप्टेंबरात बुडाला. भर समुद्रात होडीचा तळ फुटला होता. होडी शिवाने बांधलेली, फायबरच्या कापडाचे सात थर घालून. सात सांगून याने कमी घातले, कापड खाल्लं, असं कमळा मिरकरवाड्यात भेटेल त्याला सांगत सुटली होती. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? चार महिन्यांत शिवाच्या शेडमध्ये एक होडी दुरुस्तीला आली नव्हती.

कापड शिवाचं, पण ते घट्ट धरून ठेवणारं रेझिन वैदेहीचं. काजूच्या टरफलांच्या तेलापासून तिने ते प्रयोगशाळेत बनवलं होतं आणि या एकाच होडीला वापरून बघायला दिलं होतं. एरवी फायबरची होडी मोडली की जन्मभर किनाऱ्यावर पडून राहते. वैदेहीचं रेझिन गरम आंबट पाण्यात विरघळतं आणि आतलं कापड जसंच्या तसं सुटं होतं, त्याचंच तर कौतुक. म्हणून आज थर मोजता येणार होते. सात निघाले तर शिवा सुटणार होता आणि ठपका रेझिनवर येणार होता. वैदेही वही घेऊन टबापाशी उभी होती.

फुटलेल्या तळाचा सुपाएवढा तुकडा कालपासून टबात होता. पाणी काळं झालं होतं. शिवाने रबरी हातमोजे चढवले, हात बुडवले आणि पहिलं कापड अलगद वर काढलं. ते पांढरं असायला हवं होतं. लालसर होतं, आणि त्यावर हाताने चोळल्यासारखे गडद फराटे होते.

"हे कसलं?" वैदेहीने विचारलं.

"रातांब्याचा रस तो," कमळा म्हणाली. "मे महिन्यात होडी वर ओढली, तर तळाला ही एवढी कालवं धरलेली. तूच बोललीस ना गो बाय, ती काढायला ॲसिड बिलकुल लावू नको म्हणून? नाय लावलं. म्हटलं, झाडाच्या तेलाची होडी, तिला झाडाचंच लावू. सोलं करून उरलेला रस कळश्या भरभरून ओतला. आठ दिवस, भर उन्हात. समई घासते तशी घासली मी या हातांनी. रूपेश बोलत होता, आये, पुरे कर. मी म्हटलं, तू गप."

ॲसिड लावू नका म्हणताना वैदेहीच्या डोळ्यांसमोर बाजारातली बाटली होती. आंबट रातांबा, कोकमाचं फळ, तिला सुचलासुद्धा नव्हता.

शिवाने हातातल्या लालसर कापडाकडे पाहिलं. टबातलं आंबट पाणी त्यानेच तापवून ओतलं होतं. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"एक झाला. काढ पुढचा," कमळाने बोट दुमडलं.

दुसरा थर फिकट गुलाबी होता. तिसऱ्यापासून पुढे पांढरे निघाले. चार. पाच. सहा.

शिवाचे हात पाण्यात थांबले. तो कमळाच्या हातांकडे बघत होता. एक मूठ पुरी मिटलेली, दुसऱ्या हाताचं एकच बोट दुमडलेलं.

"काढ ना."

"संपले," शिवा म्हणाला. "सहाच हायत, काकी. एक मी कमी घातला."

कमळा हळूहळू उठली. इतके दिवस ती हेच ओरडून सांगत होती, पण आता तिला ओरडवेना. "मेल्या, एका कापडापायी," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून बाहेर पडली.

शिवाने हात वर काढले नाहीत. त्याच्या बोटांच्या फटीतून सातव्या थराचं टोक पाण्यावर आलं होतं. ते वैदेहीने पाहिलं, आणि तिने पाहिलंय हे त्यानेही पाहिलं.

"लिवा, मॅडम," तो म्हणाला. "तिला कळता कामा नये."

वैदेहीने वही उघडली. थरांच्या रकान्यात सहा लिहिलं. थोडं थांबून, त्याने न सांगता, खालच्या रकान्यातही लिहिलं: रेझिनमध्ये दोष नाही.