पहिली बायको लॉस एंजेलिसची

शेजारणीच्या ओव्हनमधून मयताचे बटाटे काढून नेड्रा स्वतःच्या घरात शिरली, तेव्हा तिच्या नवऱ्याला चार बायका झाल्या होत्या.

चौघी टेबलाभोवती बसल्या होत्या. गळ्यापर्यंत बटणं, डोक्याला टोप्या. मधोमध डेलॉय. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या, रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणाऱ्या डेलॉयला छातीपर्यंत दाढी चिकटवली होती.

"डेलॉय, हे काय?"

"मला बोलायची परवानगी नाही गं," डेलॉय दाढीतून म्हणाला. "आळीपाळीनं एकेकीकडे बघायचंय फक्त."

मालिका एका मॉर्मन, म्हणजे नेड्राच्याच ख्रिस्ती पंथातल्या, कुटुंबाची होती. नेड्रानं घर दिलं होतं ते लेकीच्या शब्दावर. ब्रिनली मालिकेची धर्मसल्लागार होती. "आपण जसे आहोत तसे दाखवणार आहेत आई, पहिल्यांदाच," असं ती म्हणाली होती. म्हणून नेड्रानं सोफ्याखालचासुद्धा केर काढला होता, आणि गावात मयताला करतात ते चीज घातलेले बटाटे पन्नास माणसांना पुरतील एवढे केले होते.

आता सोफाच नव्हता. पियानो नव्हता, टीव्ही नव्हता, फ्रीज नव्हता. छताला कंदील टांगले होते.

"कंदील कशाला?"

"मॉर्मन लोक वीज वापरत नाहीत ना," दिग्दर्शक म्हणाला. तो नम्र माणूस होता.

"ते आमिश. ते पेनसिल्व्हेनियात राहतात."

"हो का?" त्याला खरंच नवल वाटलं. "पण दिसतात किती छान!" मग त्याला नेड्राच्या एप्रनच्या खिशातला कोकचा डबा दिसला. "बाई, तेवढं लपवा. मॉर्मनांना कोक चालत नाही."

"चहा-कॉफी चालत नाही. कोक चालतो. मी रोज पिते."

"तुम्ही पीत असाल. मॉर्मन पीत नाहीत."

नेड्रानं बटाट्यांचं भांडं एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "आणि चार बायकांची चाल माझ्या आजीच्या जन्माआधी बंद झाली. आज कुणी दुसरी केली तर चर्च त्याला काढून टाकतं."

"बरं झालं विषय निघाला. तुम्ही पाचव्या व्हाल का? मागे उभं राहायचं फक्त."

"मी पहिली आहे."

"पहिली घेतलीय आम्ही. लॉस एंजेलिसहून."

लॉस एंजेलिसच्या पहिलीनं हात हलवला. तिची पाळी होती म्हणून डेलॉयनं तिच्याकडे बघितलं.

भांडं ठेवायला नेड्रा वळली आणि तिला भिंत दिसली. तिथे लाल अंगरख्यातला येशू असायचा. आता तिथे चर्चच्या संस्थापकाचं चित्र होतं, सोनेरी चौकटीत, आणि त्याच्यापुढे पाच मेणबत्त्या.

"येशू कुठाय?"

"गॅरेजमध्ये. अगदी नीट आहे, काळजी करू नका. प्रेक्षक गोंधळतात हो. मॉर्मन येशूला मानत नाहीत, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे."

नेड्राला हसूच आलं. "ब्रिनली, सांग बाई यांना आता तूच."

ब्रिनली दारात उभी होती. गळ्यात 'सल्लागार' असा बिल्ला. ती बुटांकडे बघत होती.

"सांग ना."

"सल्लागारांना विचारूनच काढलंय," दिग्दर्शक म्हणाला.

नेड्राचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"तुला विचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"आई, कंदिलांवरून मी आठवडाभर भांडले. कोकवरून भांडले. मग हे आलं. मी चालेल म्हणाले. नाहीतर ते दुसरी सल्लागार आणणार होते."

"कुठून?"

"लॉस एंजेलिसहून."

नेड्रानं मान हलवली. "फिनलंडला प्रचाराला गेली होतीस तू. दीड वर्षं बर्फात लोकांची दारं वाजवलीस. तेव्हाच्या बिल्ल्यावर आपल्या चर्चच्या नावात कुणाचं नाव होतं गं, मोठ्या अक्षरात?"

ब्रिनलीनं गळ्यातला बिल्ला उलटा केला. मागच्या बाजूला जेवणाची वेळ छापली होती.

डेलॉय आता तिसरीकडे बघत होता.

गॅरेजमध्ये चित्र वॉशिंग मशीनला टेकवून ठेवलं होतं, भिंतीकडे तोंड करून. नेड्रानं ते उचललं आणि गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं. गाडी सुरू केली तशी ती टीं-टीं करायला लागली. शेजारच्या माणसानं पट्टा लावला नव्हता. नेड्रानं वाकून येशूला पट्टा लावला. गाडी गप्प झाली.

ब्रिनली धावत बाहेर आली. "आई, ऐक ना. प्रसंग संपला की परत लावू. तोच खिळा आहे."

"बटाट्यांवर फॉइल आहे," नेड्रा म्हणाली. "गरम आहेत तोवर त्यांना खाऊन घ्यायला सांग."

गाडी हळूच मागे येऊन रस्त्याला लागली.

"सल्लागार!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिग्दर्शकानं हाक मारली. "मॉर्मन बाई फार चिडली की काय करते?"

कोपऱ्यावर गाडी 'स्टॉप'च्या पाटीपाशी पूर्ण थांबली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. नेड्रानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि इंडिकेटर दिला.

ब्रिनली तो लुकलुकताना बघत राहिली.

"बशा फोडते," ती म्हणाली.

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग लॉस एंजेलिसच्या पहिलीनं नेड्राची पहिली बशी फोडली.